सातारा-सांगलीची राने आणि कोरड्या महिन्यांचे गणित

पश्चिम घाटाच्या उत्तर भागातील जंगलाला पाऊस किती मिळतो, यापेक्षा ते पावसाविना किती महिने काढू शकते, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे केरळच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. तरीही केरळातल्या सदाहरित जंगलातली झाडे तीस-चाळीस मीटर उंच जातात आणि महाबळेश्वरच्या पठारावरचे अंजनी-जांभळाचे रान बुटकेच राहते. जांभ्यावरची पातळ माती आणि पठारावरचा वारा ही त्याची कारणे आहेतच, पण पावसाचे वेळापत्रक हेही तितकेच मोठे कारण आहे. दक्षिणेत वळवाच्या सरी लवकर सुरू होतात, नैर्ऋत्य मोसमी पावसामागोमाग ईशान्य मोसमी पाऊसही येतो आणि खरा कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचाच उरतो. साताऱ्याच्या घाटमाथ्यावर जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, ऑक्टोबरात परतीच्या सरी येतात आणि मग मे अखेरपर्यंत आकाश कोरडे.

पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमध्ये ज्यां-पिएर पास्कल यांनी १९८०च्या दशकात पश्चिम घाटातील सदाहरित जंगलांचे वर्गीकरण आणि नकाशे तयार केले. त्यांत तापमानाबरोबर या कोरड्या काळाची लांबी हे मुख्य मोजमाप धरले आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना कोरडा काळ वाढत जातो आणि त्याबरोबर सदाहरित झाडांच्या जाती एकेक करून मागे राहतात. साताऱ्यापर्यंत पोचल्या त्या सात-आठ कोरडे महिने सोसणाऱ्या चिवट जाती. चिवट असल्या तरी त्या आपल्या सहनशक्तीच्या कडेवर उभ्या आहेत, आणि हवामानबदलाच्या अभ्यासात या पट्ट्याचे नाव वारंवार येते ते त्यामुळेच.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये देशभरच्या वनक्षेत्राचे नकाशावर चौकोन पाडून संगणकी प्रारूपाच्या आधारे एक अंदाज मांडला. हरितगृह वायूंचे उत्सर्जन जास्त राहिले तर शतकाच्या अखेरीस ३९ टक्के चौकोनांत आणि थोडे कमी राहिले तर ३४ टक्के चौकोनांत वनप्रकार बदलण्याची शक्यता त्यांना दिसली. याच सुमारास झालेल्या अभ्यासांत सर्वाधिक जोखमीचे भाग म्हणून हिमालयाचा वरचा पट्टा, मध्य भारताचा काही भाग आणि उत्तर पश्चिम घाट यांची नावे आहेत. ईशान्येकडील जंगले त्यामानाने सुरक्षित ठरली. पुढे भारतीय वन सर्वेक्षणाने २०२१च्या अहवालात बिट्स पिलानीच्या गोवा केंद्राबरोबर केलेला अभ्यास दिला. २०३०पर्यंत देशातील ४५ ते ६४ टक्के जंगलांवर तापमानवाढीचे परिणाम दिसतील, असे त्यात म्हटले आहे.

असे आकडे वाचताना थोडे भान ठेवावे लागते. चौकोन बदलणार याचा अर्थ त्यातली झाडे एका उन्हाळ्यात वाळून जाणार असा होत नाही. हवामान बदलले तरी जुने झाड आपल्या मुळांवर आणखी पन्नास-शंभर वर्षे उभे राहू शकते. त्याच्या जागी येणारे रोप मात्र नव्या हवामानात जन्माला येते. डोंगर दुरून हिरवा दिसत असतानाच त्याची पुढची पिढी तुटलेली असू शकते, आणि वनव्यवस्थापनाचा सगळा पेच या उशिरात आहे.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे हा पेच समजून घ्यायला फार सोयीचे आहेत. महाबळेश्वरपासून माण तालुक्यातले दहिवडी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. एवढ्या अंतरात पाऊस सहा हजारांवरून पाचशे मिलिमीटरच्या आसपास उतरतो. पश्चिमेला कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. ही दोन मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे एकूण क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटर आणि गाभा ६०० चौरस किलोमीटरचा. कास पठार, कोयना आणि चांदोली यांना २०१२ मध्ये राधानगरीसह जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पूर्वेला खटाव, माण, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. तिथे कुसळी गवताचे माळ, बोरी-बाभळी आणि खुरटी झुडपे. मधल्या पट्ट्यात कृष्णाकाठचा ऊस. दोन्ही जिल्ह्यांना पाणी पुरवणारी कोयना आणि वारणा ही धरणे भरतात ती पश्चिमेकडच्या रानातून उतरणाऱ्या ओढ्यांवर.

कोरडा काळ लांबला की झाडाचे नेमके काय होते? मुळांनी ओढलेले पाणी खोडातल्या सूक्ष्म नळ्यांतून पानांपर्यंत चढते. माती सुकत गेली आणि हवा तापत गेली की या पाण्यावरचा ताण वाढतो, आणि एका मर्यादेपलीकडे नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाने हवा धरली की पाणी चढत नाही, तसेच इथे होते. थोड्या नळ्या अशा बंद पडल्या तर झाड निभावून नेते. बऱ्याच पडल्या तर शेंडे वाळतात, मग फांद्या आणि शेवटी झाड. उत्तरेकडच्या जाती हे टाळण्यासाठी आधीपासूनच तयारीत असतात. अंजनीचे पान लहान, जाड आणि चामड्यासारखे असते. ऐन आणि किंजळ उन्हाळ्यात पाने गाळून खर्चच थांबवतात. पण पानगळीची झाडे आणि सदाहरित झाडे शेजारी-शेजारी उभी असतील तर कोरडे दिवस वाढले की पारडे हळूहळू पानगळीच्या बाजूने झुकते. सदाहरित रान आज घळींत, ओढ्यांच्या काठाने आणि घाटमाथ्याच्या धुक्याच्या पट्ट्यात टिकून आहे. ते आक्रसेल तर याच क्रमाने, उघड्या उतारांवरून घळींकडे.

मोठ्या झाडापेक्षा रोपाची अडचण अधिक बिकट. जांभळाचेच घ्या. मे-जूनमध्ये जांभळे पिकतात. बुलबुल, वटवाघळे आणि उदमांजरे ती खाऊन बिया पसरवतात. जांभळाची बी साठवणीची नाही. ती सुकली की मरते, आणि उघड्यावर तिची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांत संपत येते. म्हणून तिला पडल्याबरोबर ओल हवी. पाऊस वेळेवर आला तर महिन्याभरात जमिनीवर कोवळ्या रोपांचा गालिचा दिसतो. पाऊस आठ दिवस येऊन पंधरा दिवस गायब झाला तर तेच कोंब उन्हात करपतात. यातून सुटलेल्या रोपाला ऑक्टोबरपर्यंत मूळ इतके खोल न्यावे लागते, की पुढचे सात महिने त्याला वरच्या मातीवर अवलंबून राहावे लागू नये. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ पठारावर, हातभर खाली खडक लागतो. तिथे हे गणित मुळातच कठीण आहे.

पावसाचे बदलते रूप नेमके याच्या आड येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात पश्चिम किनाऱ्यापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात एकूण मोसमी पाऊस मात्र घटत होता. पडतो तेव्हा धो-धो आणि एरवी ओढ, असा हा पाऊस. २३ जुलै २०२१ला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, म्हणजे माणचा वर्षभराचा पाऊस एका दिवसात. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गेली. खाली सांगलीत कृष्णेने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे महापूर दाखवले. आणि या महापुरांच्या मधल्याच काळात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. जंगलाच्या दृष्टीने अशा पावसाचा अर्थ एवढाच की पाणी मातीत मुरायला वेळ मिळत नाही, उघड्या उतारावरची माती वाहून जाते आणि त्याच मातीत रोपाला पुढचा उन्हाळा काढायचा असतो.

तापमान वाढले की वनस्पती आणि प्राणी थंड जागा शोधत वर सरकतात, हे जगभर दिसून आले आहे. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सुमारे सहा अंशांनी उतरते. म्हणजे एका अंशाच्या वाढीला ढोबळमानाने दीडशे मीटर चढावे लागते. हिमालयात चढायला जागा आहे. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १४३९ मीटरवर आहे आणि त्याच्यावर फक्त आकाश. कड्याच्या माथ्यावर राहणाऱ्या जातींना एकच वाट उरते, ती डोंगररांगेने आडवे सरकण्याची.

हवामान पूर्वी कधी बदललेच नव्हते, असे नाही. पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि तिरुवनंतपुरमचे राष्ट्रीय पृथ्वी विज्ञान अध्ययन केंद्र यांनी कास पठारावरच्या एका हंगामी तळ्याच्या गाळाचा अभ्यास केला. अशा तळ्यात दरवर्षी गाळाचा एक पातळ थर साचतो, आणि त्यात परागकण व डायॅटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची कवचे अडकून राहतात. कोणत्या थरात कोणते पराग आणि कोणते शैवाल आहे यावरून त्या काळातला पाऊस आणि वनस्पती ओळखता येतात. थराचे वय कार्बनच्या कालमापनाने कळते. कासच्या गाळातून आठ हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास उलगडला. सुमारे ८६०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस कोरडेपणाकडे वळल्याच्या आणि सुमारे २८०० वर्षांपूर्वी तो पुन्हा क्षीण झाल्याच्या खुणा त्यात आहेत. अलीकडच्या हजारेक वर्षांच्या थरांत प्रदूषण सोसणारी शैवाले वाढलेली दिसतात; तळ्याच्या परिसरातली गुरेढोरे आणि माणसाचा वावर यांच्याशी संशोधकांनी त्याचा संबंध जोडला आहे. जंगल यापूर्वीही हलले, आक्रसले, पसरले. त्या वेळी त्याच्या हाताशी शेकडो वर्षे होती आणि डोंगररांग सलग होती.

यापुढे व्यवस्थापनाचा प्रश्न येतो. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बदलत्या हवामानातील जंगलांसाठी तीन मार्ग सांगितले, आणि आता जगभरच्या वनखात्यांच्या चर्चेत हीच चौकट वापरली जाते. पहिला मार्ग म्हणजे आहे ते जंगल बदलू न देण्यासाठी झटणे. दुसरा, धक्का बसला तरी जंगल पुन्हा सावरेल अशी त्याची ताकद वाढवणे. तिसरा, बदल होणारच हे धरून त्याला नीट वाट करून देणे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने तिसरा मार्ग सर्वात पुढे नेला आहे. तिथे सौम्य झालेल्या हिवाळ्यांमुळे पाइनची झाडे पोखरणारे भुंगे मरेनासे झाले आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून कोट्यवधी झाडे वाळली. आता तिथे रोपवनासाठी बी निवडताना त्या जागेचे आजचे हवामान न पाहता पुढे येऊ घातलेले हवामान पाहिले जाते आणि अधिक उबदार भागातल्या झाडांचे बी वापरले जाते. तिकडचे जंगल दोन-चार जातींचे, एकसुरी आणि लाकडासाठी राखलेले. म्हणून हा उपाय तिथे सुटसुटीत आहे. सह्याद्रीत एका घळीत शंभरावर जाती असतात, त्यामुळे उपाय जसाच्या तसा उचलून चालत नाही. तरी तीन मार्गांची चौकट इथल्या कामांना लावून पाहण्यासारखी आहे.

आहे ते राखण्याच्या कामात साताऱ्यात पहिला क्रमांक वणव्याचा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या हिशेबात वणव्याचा हंगाम. इथले वणवे आपोआप लागत नाहीत. नवे गवत जोमाने यावे म्हणून माळ पेटवणे, बांध जाळताना आग सुटणे, टाकलेली बिडी, आणि कधी निव्वळ खोडसाळपणा, ही नेहमीची कारणे. गवताची आग उतारावर झपाट्याने चढते आणि रानाच्या कडेला पोचते. मोठे सदाहरित झाड तिने लगेच मरत नाही, पण कडेची रोपे दरवर्षी जळतात आणि रान दरवर्षी वीतभर मागे हटते. कोरडा काळ लांबला की कडेचा पालापाचोळा अधिक सुकतो आणि आग आणखी आत शिरते.

यावरचा जुना उपाय म्हणजे जाळरेषा. थंडी सरता सरता वनमजूर रानाच्या आणि माळाच्या हद्दीवर काही मीटर रुंदीचा पट्टा आखतात. त्यावरचे गवत कापून मधोमध लोटतात आणि वारा पडलेला पाहून, सहसा संध्याकाळी, ते जाळतात. दोन्ही कडांना माणसे हिरव्या फांद्या घेऊन उभी असतात. आग पट्ट्याबाहेर जीभ काढू लागली की फांदीने झोडपून विझवतात. आता पाला उडवणारी यंत्रेही आली आहेत. जानेवारीअखेरपर्यंत गवतात ओल असेल तर पट्टा नीट जळत नाही, आणि महिनाभर उशीर केला तर तो जाळणेच धोक्याचे होते. हिवाळा आखडत गेला तर या कामाला मिळणारे दिवसही कमी होत जातात. भारतीय वन सर्वेक्षणाची यंत्रणा उपग्रहाने टिपलेली आग संदेशाद्वारे कर्मचाऱ्यांना कळवते. मात्र उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो आणि गवताची आग तासाभरात डोंगर चढून जाते. वनरक्षकाची पायी गस्त आणि गावातून आलेला फोन यांना अजून पर्याय नाही.

आग सर्वत्र आणि सदासर्वकाळ बंद ठेवावी का, यावर मात्र एकमत नाही. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांवरचे सोलिगा आदिवासी सांगत आले आहेत की हंगामाच्या सुरुवातीला लावली जाणारी पाचोळ्याची हलकी आग बंद झाल्यावर तिथे घाणेरी माजली. संशोधकांनी या म्हणण्याची गंभीरपणे दखल घेतली आहे. साताऱ्याच्या माळावर आणि घाटमाथ्याच्या सदाहरित रानात आगीचा अर्थ एकच नाही. गवताळ माळ आगीतून वर्षभरात सावरतो, अंजनीचे रान सावरत नाही. दोन्हींना एकच नियम लावणे ही कागदावरची सोय आहे.

दुसऱ्या मार्गाचे, म्हणजे सावरण्याचे, सर्वात बोलके उदाहरण कोयना आणि चांदोलीच्या आतच आहे. धरणांमुळे आणि नंतर अभयारण्यामुळे इथली अनेक गावे उठून खाली वसली. मागे राहिली गावठाणे, भाताची खाचरे आणि फिरत्या (कुमरी) शेतीचे उतार. त्यातल्या काही जागी गवत आले आणि गवे, सांबर तिथे चरायला येऊ लागले. काही जागी करवंद, दिंडा अशी झुडपे आणि त्यांच्या आडोशाने आवळा, जांभूळ वाढले. कुणी लागवड न करता हे घडले. जवळ जुने रान असेल, फळे खाणारे पक्षी आणि प्राणी असतील आणि आग-कुऱ्हाड थांबली असेल तर सह्याद्रीतले जंगल स्वतःच परत येते. मग प्रश्न असा पडतो की गवे-सांबर आणि त्यांच्यावर जगणाऱ्या वाघासाठी ही कुरणे कापून-राखून मोकळी ठेवायची, की कार्बन आणि पाण्याच्या हिशेबाने रानाला पुढे येऊ द्यायचे? व्याघ्र प्रकल्पाचे व्यवस्थापन कुरणांकडे झुकते, आणि ते समजण्यासारखे आहे. पण घळींच्या तोंडाशी असलेली जुनी शेते रानाला सोडून देणे आणि सपाटीवरची कुरणे राखणे, अशी विभागणी शक्य आहे. सावली आणि ओल जिथे आधीच टिकते, तिथेच सदाहरित जातींना पाय रोवायला जागा आहे.

लागवड करायचीच झाली तर काय लावावे, यावर आता चांगला पुरावा आहे. आनंद ओसुरी आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातली नैसर्गिक मिश्र जंगले आणि साग-निलगिरीची रोपवने यांची तुलना करून २०२० मध्ये निष्कर्ष मांडला: अनेक जातींच्या जंगलात कार्बन शोषण्याचे प्रमाण दुष्काळी वर्षांतही फारसे ढळत नाही, एकसुरी रोपवनात ते अधिक खाली-वर होते. कारण सरळ आहे. सगळ्या जाती एकाच वेळी आजारी पडत नाहीत. साताऱ्याच्या डोंगरांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प आणि निलगिरी लावण्याचा काळ होऊन गेला. ती झाडे लवकर वाढली आणि हिरवळीचा आकडाही वाढला, पण त्यांच्याखाली जांभळाचे किंवा हिरड्याचे रोप सहसा दिसत नाही. उपग्रहाच्या छायाचित्रात मात्र दोन्ही हिरवेच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालात पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात दहा वर्षांत एकूण ५८ चौरस किलोमीटर वनाच्छादन घटल्याचे नमूद आहे. या आकड्यात नैसर्गिक रान किती गेले आणि रोपवन किती आले, हे वेगळे करून पाहिल्याशिवाय फारसे काही कळत नाही.

बदलाला वाट करून देण्याच्या कामात इथे बियांचा उगम आणि सलगता या दोन गोष्टी येतात. जांभूळ, हिरडा, बेहडा, उंबर या जाती महाबळेश्वरच्या धुक्यातही आहेत आणि कृष्णाकाठच्या उष्ण सपाटीवरही. एकाच जातीच्या या दोन टोकांच्या झाडांत कोरडेपणा सोसण्याची क्षमता सारखी असेलच असे नाही. रोपवाटिकेसाठी बी गोळा करताना ते जवळच्या, सोयीच्या झाडाखालून उचलले जाते. त्याऐवजी त्यात काही हिस्सा पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या भागातल्या त्याच जातीच्या झाडांचा असावा, एवढा बदलही ब्रिटिश कोलंबियाच्या मोठ्या प्रयोगाचा इथे पेलवणारा छोटा अवतार ठरेल. परक्या जाती आणण्याचा धोका त्यात नाही. या कामात देवरायांचे मोल मोठे आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हापासून त्यांच्याकडे जुन्या बीजवृक्षांचा ठेवा म्हणून पाहिले जाते.

सलगतेचा प्रश्न जमिनीच्या नकाशावर सुटतो किंवा अडतो. उत्तरेला महाबळेश्वर-जोर-जांभळी, मध्ये कोयना-चांदोली, दक्षिणेला राधानगरी आणि पुढे तिलारी असा घाटमाथ्याचा धागा आहे. वाघांच्या भ्रमणमार्गासाठी म्हणून तो राखण्याचा प्रयत्न होतो. जोर-जांभळीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला तोही या साखळीतला दुवा. धनेश आणि उदमांजर याच धाग्याने फिरतात आणि त्यांच्याबरोबर झाडांच्या बियाही, म्हणून हा वाघांइतकाच झाडांचाही रस्ता आहे. रस्ते, बंगले आणि खाणी यांनी तो जागोजागी तुटतो. हवामानासाठी उपकारक मानल्या जाणाऱ्या उद्योगांनीही तो विसविशीत होतो. चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथे पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी मोकळ्या भागाच्या जवळपास एक चतुर्थांशच उरल्याचे आणि भक्षक घटल्याने सरड्यांची संख्या व वागणूक बदलल्याचे दाखवले.

सडे आणि माळ यांचा विचार जंगलाच्या चर्चेत नेहमी शेवटी येतो, तसा तो इथेही आला आहे. पण क्षेत्रफळाने आणि चुकांच्या शक्यतेनेही तो भाग मोठा आहे. कास पठारावर सुमारे ८५० जातींच्या फुलझाडांची नोंद आहे. वायतुऱ्यासारखी जवळपास फक्त या परिसरातल्या सड्यांवरच सापडणारी वनस्पती पावसाळी डबक्यात उगवते. तिचे सगळे वर्ष पहिल्या पावसाच्या तारखेवर अवलंबून. पठाराभोवती संरक्षणासाठी तारेचे कुंपण घातले गेले. चराई थांबल्यावर उंच गवत माजून ठेंगणी फुले झाकोळली जातात, असे गावकरी आणि काही अभ्यासक सांगू लागले, आणि पुढे कुंपण काढण्यात आले. गुरांचे चरणे हाही इथल्या व्यवस्थापनाचाच भाग होता, हे असे उलट्या वाटेने कळले.

पूर्वेकडच्या माळांवर चूक वेगळ्या प्रकारची होते. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. एकट्या २०१९चे लक्ष्य ३३ कोटींचे होते. लक्ष्य गाठायचे तर मोकळी जमीन हवी, आणि मोकळी जमीन म्हणजे माळ. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशातील अशा अर्धशुष्क मोकळ्या परिसंस्थांचा नकाशा केला तेव्हा त्या देशाच्या सुमारे दहा टक्के भूभागावर भरल्या. लांडगा, खोकड, धाविक यांचे ते घर आणि मेंढपाळांचे कुरण. माळाचा कार्बन जमिनीखाली, गवताच्या मुळांत असतो. खड्डे खणून तो उघडा पाडायचा आणि पाचशे मिलिमीटर पावसात टँकरने पाणी घालून रोपे जगवायची, हा व्यवहार हवामानाच्या हिशेबाने तोट्याचाच.

याचा अर्थ पूर्वेला झाड लावूच नये असा नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या हद्दीवर सागरेश्वर अभयारण्य आहे, सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे. उजाड झालेल्या त्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावली गेली, हरणे सोडली गेली आणि १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. तिथे झाडांच्या आधी पाणी अडवण्याचे, चराई आणि कुऱ्हाड थांबवण्याचे काम होते, आणि लोक पाठीशी होते. पुढे हरणे इतकी वाढली की ती भोवतालच्या ऊस-मक्यात उतरू लागली. माणसाने उभे केलेले जंगल माणसालाच सतत सांभाळावे लागते, ही त्याची दुसरी बाजू.

ही कामे करणारी यंत्रणा चालते ती कार्य आयोजनेवर. प्रत्येक वनविभागाची कार्य आयोजना दहा वर्षांची असते. कोणत्या कक्षात काय करायचे हे तीत आधीच ठरलेले असते. मधल्या काळात जुलै २०२१ सारखा एखादा पाऊस उतारच बदलून टाकतो. कार्य आयोजनेची राष्ट्रीय संहिता २०१४ मध्ये बदलली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारली. कागदावर तीत हवामानाचा विचार आहे. अडते ते स्थानिक मोजणीपाशी. तमिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरचा कायमचा तुकडा आखला आणि त्यातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन मोजणी चालू ठेवली. दुष्काळात कोणती जात किती मरते, आगीनंतर कोणती परत येते, याची उत्तरे अशा नोंदींतूनच मिळतात. सातारा-सांगलीसाठी असे तुकडे आखायचे तर ते घळीत, उघड्या उतारावर, सोडलेल्या गावठाणात आणि जाळरेषेच्या दोन्ही बाजूंना हवेत, आणि मोजणी वर्षातून दोनदा हवी: ऑक्टोबरात पावसाळ्याने किती रोपे दिली हे पाहायला, आणि मेच्या अखेरीस त्यांतली किती उरली हे मोजायला.